उलट्या छत्रीतली बोरं

कुवेतमध्ये एखाद्या भल्या माणसाला चारचौघांत ‘बाटलीकाका’ अशी हाक मारणं हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. ज्या देशात घरात दारूचा थेंब ठेवायची बंदी, तिथे हे नाव ऐकून नवखा मराठी माणूस आधी दचकतो, मग इकडेतिकडे बघतो आणि मग हळूच दोन पावलं जवळ सरकतो. आमच्या फहाहीलच्या इमारतीत मात्र हे नाव लिफ्टमध्ये, जिन्यात, खालच्या किराणाच्या दुकानात अगदी मोकळ्या आवाजात घेतलं जायचं. काकांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी खरं नाव घेऊन हाक मारली, तर ते मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघत.

काका एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि काकू त्याच इस्पितळात नर्स. “दिवसभर लोकांच्या बाटल्या तपासतात आणि घरी आले की स्वतःच्या मांडून बसतात,” ही काकूंची तक्रार. तीत तथ्य होतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, फ्रिजच्या डोक्यावर, शिवणयंत्राखाली, जिथे म्हणून जागा सापडेल तिथे काचेच्या बाटल्या उभ्या असत. जुन्या सरबताच्या, मधाच्या, सॉसच्या. प्रत्येकीत तपकिरी-लालसर पाणी, तळाशी सुरकुतलेली बोरं आणि अंगावर अरबीत ठळक लिहिलेली चिठ्ठी: खल्ल. म्हणजे सिरका, व्हिनेगर. ही चिठ्ठी कुणी पाहुणा पोलीस आलाच तर त्याच्यासाठी, असं काका सांगत. पोलीस कधी आला नाही, पण चिठ्ठी नसलेली बाटली मी त्या घरात कधी पाहिली नाही.

बोरं कुवेतची. आपण ज्या देशाला वाळवंट म्हणून मोकळे होतो, तिथे रस्त्याच्या कडेने, जुन्या घरांच्या कुंपणांवरून बोरीची चांगली जाडजूड झाडं वाकलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याखाली बोरांचा सडा पडतो आणि आपण त्यावर गाडी लावून मॉलमध्ये आयात केलेली स्ट्रॉबेरी घ्यायला जातो. निदान मी तरी जात होते. काकांना मात्र चालताना समोरचं काही दिसत नसे, त्यांची मान कायम वर. खांबाला धडकले तर खांबाची माफी मागायचे आणि परत वर बघायचे. “झाड रिकामा उभा रवात कसा?” असं ते म्हणत. आमच्याशी ते एरवी पुस्तकी मराठी बोलायचे, पण झाड, फळ किंवा आई यांपैकी काहीही मध्ये आलं की मालवणीवर घसरायचे.

बोरं गोळा करायची त्यांची पद्धत बघायला माणसं थांबत. काकांकडे कोकणातून आणलेली काळी, आकडी मुठीची मोठी छत्री होती. कुवेतमध्ये छत्री घेऊन फिरणारा माणूस आधीच दुर्मिळ, त्यात हे तिला उघडून उलटी धरणारे. मुठीच्या आकड्याने आधी फांदी ओढून घ्यायची, ती काकूंच्या हातात द्यायची, मग छत्री उलटी उघडून खाली धरायची आणि म्हणायचं, “हलव.” टपटप बोरं छत्रीत. काकू इस्पितळाच्या ड्युटीवरून थेट आलेल्या असत, पांढऱ्या गणवेशात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला तो काहीतरी वैद्यकीय प्रकार वाटायचा.

एकदा फहाहीलच्या बाजारामागच्या जुन्या गल्लीत काका असेच उलटी छत्री घेऊन एका कुंपणाबाहेर उभे होते. कडक ऊन. दार उघडून एक म्हातारी कुवेती बाई बाहेर आली. तिने छत्रीकडे पाहिलं, स्वच्छ आभाळाकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “मतर?” म्हणजे पाऊस येतोय का? काकांनी वर बोट दाखवून सांगितलं, “कनार, यम्मा, कनार.” कनार म्हणजे इकडे बोरं, आणि यम्मा म्हणजे आई. म्हातारी इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. मग तिने स्वतःच्या ड्रायव्हरला बोलावून झाड हलवायला लावलं.

तेव्हापासून दर वर्षीची पहिली बाटली यम्माची. ती बाटली कधी रिकामी परत आली नाही. कधी खजूर, कधी त्यांच्या वाळवलेल्या लिंबांची पुरचुंडी, रमजानात तर डबाभर गरम हरीस, म्हणजे गहू आणि मटणाचा घोटलेला पदार्थ. शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही गोष्ट तिला कुणी शिकवलेली नव्हती आणि काकूंनाही नाही. दोघी एकमेकींची भाषा न समजता वर्षानुवर्षं डबे फिरवत राहिल्या.

आता बाटलीत नेमकं काय असायचं, ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्यावरून एक दुःखद प्रसंग घडलेला आहे. आम्ही कुवेतला नवीन होतो. मराठी मंडळींची खैरानच्या समुद्रकिनाऱ्यावर एका शॅलेत, म्हणजे भाड्याच्या बंगलीत, सहल होती. माझ्या नवऱ्याने, विनयने, बसमध्येच ‘बाटलीकाका’ हे नाव ऐकलं होतं आणि तो दिवसभर त्या माणसाच्या आसपास राहिला होता. संध्याकाळी काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढली, छोट्या पेल्यांत थोडं थोडं ओतलं, वर बर्फ आणि सोडा. विनयने काकांना डोळा मारला. काकांना वाटलं, बिचाऱ्याच्या डोळ्यात वाळू गेली. त्यांनी रुमाल दिला.

दुसऱ्या पेल्याला विनयचे कान लाल झाले. तिसऱ्याला त्याने सगळ्यांना सांगितलं की, जगात तो फक्त एकाच व्यक्तीला घाबरतो आणि ती म्हणजे माझी आई. मग तो गायला. गाणं संपल्यावर त्याला चालताना किनारा तिरका दिसत होता, म्हणून दोघांनी धरून त्याला बसमध्ये बसवलं. सकाळी डोक्याला रुमाल बांधून, “लिंबूपाणी दे, फार चढली होती,” म्हणत तो सोफ्यावर पडला. मी घाबरून वरच्या मजल्यावर गेले आणि काकांना विचारलं, त्यात होतं तरी काय? काका शांतपणे म्हणाले, “बोरं, गूळ, आलं, सैंधव आणि बाजारातला सिरका. का गो? पोट बिघडलं काय त्याचं?” मी खाली येऊन हे विनयला सांगितलं. त्याची डोकेदुखी त्याच क्षणी थांबली. पुढे बरीच वर्षं कुणी सरबत पुढे केलं की तो आधी घटक पदार्थ विचारायचा.

काकांचं हे सरबत म्हणजे खरं तर एका दुसऱ्याच गोष्टीची नक्कल होती, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांचं गाव दोडामार्गाकडे, गोव्याच्या हद्दीला लागून. तिथे दर मे महिन्यात त्यांची आई, तिला ते ‘आये’ म्हणत, गडग्याच्या कडेने फिरून काळीभोर करवंदं वेचायची. गडगा म्हणजे शेताभोवतीची दगडी भिंत, तिच्यावर करवंदीच्या जाळ्या माजलेल्या. ती करवंदं भावाच्या भट्टीवरून आणलेल्या काजूच्या दारूत बुडवायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि बाटली तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायची. उघडायची पुढच्या मे महिन्यात, काका रजेवर घरी आल्यावर. घरातल्या प्रत्येकाला एकेक बूच. औषधाच्या बाटलीचं असतं तेवढंच. काका वर्षभरात जे काही प्यायचे, ते तेवढंच. मग मायलेक दोघं मिळून नव्या करवंदांची बाटली भरायचे आणि काका परत यायचे.

“तो वास माका हय व्हयो होतो,” म्हणजे इथे हवा होता, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. इथे नुकतेच आले होते तेव्हा ते जलीबच्या कामगारवस्तीत एका खोलीत इतर माणसांबरोबर राहायचे. तिथे त्यांनी बोरं आणि गूळ एका बरणीत भरून, घट्ट झाकण लावून पलंगाखाली ठेवली. निव्वळ अडाणीपणा, त्यांच्याच शब्दांत. काही दिवसांनी झाकण छताला जाऊन लागलं. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं सिलिंडर फुटला. जे जसे होते तसे जिन्यात पळाले आणि जेव्हा वास कशाचा आहे ते कळलं, तेव्हा आणखी वेगाने परत आले, कारण खाली माणसं जमायला लागली होती. सगळ्यांनी मिळून फिनेलने खोली धुतली. पकडले गेले असते तर सगळ्यांची नोकरी आणि परतीचं तिकीट एकाच दिवशी ठरलं असतं. त्या दिवशी काकांनी नियम केला: बुडबुडो इलो की बाटली गेली. आंबायला लागलेली वस्तू, कितीही मेहनतीची असो, त्याच क्षणी मोरीत. म्हणून सिरका. सिरक्यात फळ आंबत नाही. नियमाला अपवाद नव्हता. एकदा काकूंनी इडलीचं पीठ फुगवून ठेवलं होतं, तर हे भांड्याभोवती संशयाने फिरत होते.

पण काकांना एक गोष्ट हवी होती आणि सबंध इमारतीला ती माहीत होती. आयेने एकदा तरी त्यांच्या बाटलीला बरं म्हणावं. गडग्यावरच्या फळाचं काय करायचं हे ज्या बाईकडून शिकले, तिने वाळवंटातल्या बोराला मान द्यावी. एवढंच. त्यासाठी दर वर्षी रजेवर जाताना एक निवडक बाटली टॉवेलमध्ये, लुंगीत, परत टॉवेलमध्ये गुंडाळून सामानात जायची. एकदा विमानतळावर अधिकाऱ्याने ती उघडायला लावली आणि नाक जवळ नेलं. त्याला ओळीने इतक्या शिंका आल्या की शेवटी त्याने डोळे पुसत हातानेच “रूह, रूह,” जा, जा म्हणून खूण केली.

मग आम्ही निकालाची वाट बघायचो. काका गावाहून व्हॉट्सॲपवर आयेचं वाक्य जसंच्या तसं पाठवत. एका वर्षी: “ह्या लोणच्याचा पाणी.” पुढच्या वर्षी: “खोकल्यार बरा पडात.” एका वर्षी तर, “वासराच्या खुराक लायलंय, जखम बरी झाली.” म्हणजे खुराला लावलं. ही आम्हाला प्रगती वाटली. विनयने त्या दिवशी पेढे वाटले. काका मात्र परत आल्यावर फारसे हसले नाहीत. म्हणाले, “चेष्टा नाही गो. ती पेला हातात घेते ना, तेव्हा मला दहावीच्या निकालाइतकी भीती वाटते.” केस पांढरे झालेला माणूस, हाताखाली चार-पाच जण काम करणारे, आणि आईसमोर पेला धरून उभा. मला त्या वेळी त्यांचा फार लळा लागला.

मग एका हिवाळ्यात आये घरातच पडली. हाड मोडलं नाही, पण चालणं गेलं. आता गडग्यापर्यंत जाणं नव्हतं. फोनवर ती आजाराचं काही बोलायची नाही, तिचं सगळं लक्ष बाटलीवर. एकदा मी वर गेले होते तेव्हा फोन स्पीकरवर होता. आये म्हणत होती, “सिरको मारता रे फळाक. तू फळाक बोलाक दी. तोंडाक फडका बांधतंस आणि वर त्येचो गळो आवळतंस.” काका नुसते “व्हय, व्हय” करत होते. फोन ठेवल्यावर काकांनी कट्ट्यावरची एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

त्या वर्षी त्यांनी एकच बाटली वेगळी केली. यम्माच्या झाडाची पिकून मऊ झालेली बोरं, गुळाऐवजी खजुराचा पाक, ज्याला इथे दिब्स म्हणतात, आणि सिरका नेहमीच्या निम्माच. “फळ बोलेल,” म्हणाले. काकूंनी विचारलं, “आणि बुडबुडा?” काका म्हणाले, “निम्मा सिरका पुरेल.” त्यांनी रोज प्रयोगशाळेतून आल्यावर आधी त्या बाटलीला बघायचं आणि मग चपला काढायच्या. मे महिन्याची रजा मंजूर झाली होती. बाटली गुंडाळायचे टॉवेलसुद्धा काकूंनी धुऊन ठेवले होते.

एप्रिलमध्ये एकदम उकाडा झाला. शुक्रवारी सकाळी मी पोहे करत होते आणि काकूंचा फोन आला, “जरा वर या दोघं.” आम्ही गेलो. काका कट्ट्यासमोर स्टुलावर बसले होते. समोर ती बाटली, फडकं सोडलेलं. आतून अगदी बारीक, एकामागून एक बुडबुडे वर येत होते, घाई नाही, गडबड नाही. आणि स्वयंपाकघरभर वास. मी पुण्याची, मला त्यातलं काही कळत नाही, पण इतकं समजलं की हा लोणच्याचा नव्हता आणि खोकल्याच्या औषधाचाही नव्हता. गोड, ऊन लागलेला, जरासा नाकात चढणारा.

“आयेच्या बाटलेचो वास,” काका म्हणाले. एवढंच म्हणाले.

 ज्या वासासाठी हा माणूस इतकी वर्षं मान वर करून हिंडला, तो समोर होता. फळ बोललं होतं. ही बाटली जर आयेच्या हातात पडली असती, तर ती काय म्हणाली असती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि ती या घरातून बाहेर नेता येणार नव्हती, या घरात ठेवताही येणार नव्हती, हेही.

काकू हळूच म्हणाल्या, “ओता हो आता.” काका म्हणाले, “थांब.” ते थांब इतकं लहान होतं की काकूंनी तोंड फिरवलं आणि उगाच ओटा पुसायला घेतला. विनयला राहवलं नाही. म्हणाला, “काका, निदान एक चमचा चाखून तरी बघा. कुणाला कळणार आहे?” काकांनी मान हलवली. “चाखलंय तर मगे ओतूक जमाचा नाय.”

मग ते उठले. बाटली दोन्ही हातांनी उचलली, एकदा नाकाजवळ नेली, डोळे मिटले आणि मोरीत उलटी केली. वरून नळ सोडला. बोरं हाताने एकेक काढून कचऱ्याच्या पिशवीत घातली. मला रडू आलं. चक्क आलं. बोराच्या पाण्यासाठी पुण्याची बाई परक्या मोरीपाशी उभी राहून रडते आहे, हे माझ्या आईला कळलं असतं तर विनयने तिला घाबरायचं कारण आणखी वाढलं असतं.

पण वास जाईना. काकूंनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, शेवटी देवघरातला उदबत्तीचा सबंध पुडा पेटवला. आम्ही चौघं धुरात खोकत उभे, तेवढ्यात दाराची घंटा. इमारतीचा राखणदार, ज्याला सगळे हारिस म्हणतात, पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगायला आला होता. विनयचा चेहरा पांढरा पडला. हारिसने आत डोकावून बघितलं. चार माणसं, सगळ्यांचे डोळे लाल, सगळीकडे धूर. त्याने त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं, “आज तुम्हारा ईद?” काकूंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “हाँ. बडा ईद.” तो म्हणाला, “मबरूक,” म्हणजे मुबारक, छातीवर हात ठेवला आणि टाकीचं न सांगताच निघून गेला. दार लागल्यावर सगळ्यांत आधी काका हसले. मग आम्हाला कुणालाच थांबवता येईना.

हसणं ओसरल्यावर काकांनी गावाला फोन लावला. बाटलीचं काय झालं ते लपवलं नाही. निम्मा सिरका, खजुराचा पाक, उकाडा, बुडबुडे आणि मोरी. पलीकडे आये ऐकत होती. मला वाटलं, आता म्हणेल, मेल्या, एवढ्या लांब राहून शेवटी ओतलंसच ना. पण तिने एकच विचारलं.

“वास कसो येय होतो?”

काकांनी डोळे मिटले. म्हणाले, “आये, दुपारच्या वक्ताक आपण गडग्याकडे जातंव ना. दगड तापलेलो असता. पिकलेली करवंदा त्येच्यार पडान फुटलेली असतत. आणि तू फडक्यान हात पुसतंस. तसो.”

  मग आये म्हणाली, “मगे जमला रे तुका, झिला.” आणि लगेच नेहमीच्या आवाजात, “आता हात धू आणि जेव.”

काकांनी खरंच उठून हात धुतले. खाली माझे पोहे गार झाले होते, ते मी वर आणले आणि आम्ही सगळ्यांनी ते त्या उदबत्तीच्या धुरात बसून खाल्ले. काका त्या दिवशी दोनदा मागून घेऊन जेवले.

मे महिन्यात ते नेहमीची, पूर्ण सिरक्याची बाटली घेऊन गावाला गेले. आयेने खाटेवर पडल्या पडल्या चाखली. निकाल आला: “लोणच्याचा पाणी.” या वेळी त्यापुढे काकांनी एक हसरा चेहरा जोडला होता. त्या रजेत गडग्यावर काका एकटेच गेले. आयेने खाटेवरून सगळं करून घेतलं: फुटकी बाजूला काढ, देठ नको, फडकं अजून ओढ. बाटली तांदळात पुरली गेली. ती उघडायला मात्र आये राहिली नाही. पावसाळ्यातच गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता. पुढच्या मे महिन्यात काकांनी ती बाटली उघडली, सगळ्यांना एकेक बूच दिलं आणि मला फक्त एवढं कळवलं की, “होती तशीच आहे गो.”

मग काका निवृत्त झाले. आता परत जायचं, गडगा बघायचा, असं ठरलं. निघायच्या आधी ते यम्माकडे निरोप घ्यायला गेले, मीही बरोबर होते. म्हातारीने ड्रायव्हरकडून सगळं समजून घेतलं, आत गेली आणि इतक्या वर्षांत परत करायच्या राहून गेलेल्या दोन-चार बाटल्या घेऊन आली. प्रत्येकीत काहीतरी भरलेलं. मग माझ्याकडे बोट दाखवून तिने ड्रायव्हरला काही विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “माँ पूछती है, अब छाता लेकर ये आएगी?” काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला फांदी ओढतासुद्धा येत नाही. काका म्हणाले, “ती आपणच खाली येता गो. तू नुसती छत्री उलटी धर.” आणि विमानतळावर जाताना त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. म्हणाले, गावाला छत्र्या पुष्कळ आहेत.

आता दर फेब्रुवारीला मी ती उलटी धरून यम्माच्या कुंपणाखाली उभी असते. फांदी विनय हलवतो. आमची मुलगी गाडीत बसून राहते आणि “आई, प्लीज, लोक बघतायत, लेट्स गो,” म्हणते. पण बाटलीवरची चिठ्ठी आता तीच लिहिते, शाळेत शिकलेल्या अरबीत, काकांपेक्षा चांगल्या अक्षरात. सरबत ठीक होतं. विनय घटक पदार्थ न विचारता पितो.

या वर्षी माझी एक बाटली बिघडली. सिरका मोजताना हात हलका झाला असणार, किंवा बोरं फार पिकलेली होती. ऑफिसातून आले तर कट्ट्यावरच्या बाटलीत बारीक, एकामागून एक बुडबुडे. नियम ठाऊक होता. मी थांबले नाही, चाखलं नाही, दोन्ही हातांनी उचलून मोरीत उलटी केली. मग हात तसेच ओले ठेवून काकांना फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की, काका, बाटली गेली.

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला. काकांनी विचारलं, “वास कसो येय होतो?”

मी डोळे मिटले. मला गडगा माहीत नाही, तापलेला दगडही नाही. मी म्हटलं, “काका, तुमच्या स्वयंपाकघरात त्या शुक्रवारी सकाळी काकू ओटा पुसत होत्या ना. तसा.”

 काका म्हणाले, “मगे जमला गो तुका. आता हात धू आणि जेव.”